ओरखड्यावरची उडी

दौंडसारख्या उसाच्या मुलखात जन्म काढूनही आमच्या बँडच्या मास्तरांनी कधी दातांनी ऊस सोलला नाही. आम्ही बांधावर बसून कांडी फोडायचो आणि ते नुसते बघत बसायचे. "क्लारनेट ह्या दोन दातांवर उभं हाय बाबा. दात गेलं की मास्तर गेला," म्हणायचे. मी फिदीफिदी हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

कुरकुंभच्या कंपनीतली ड्यूटी सांभाळून मी त्यांच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. मास्तर लोकांच्या सगळ्या फर्माइशी पुरवत, पण वरात निघण्याआधीचा एक तुकडा मात्र स्वतःसाठी ठेवत. दौंड सोडून जाणाऱ्या एका रेल्वे गार्डाने त्यांना अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड दिली होती. व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्यं, आणि सगळ्यांच्या आधी एकटं क्लॅरिनेट, खालच्या सुरापासून लाडात येत वर चढणारं. कव्हरवर जॅझ का काय लिहिलेलं होतं. मास्तरांचं मत ठरलेलं, "कोट घालून बसल्यात, पन चाल वरातीची हाय."

त्या चढणीत अर्ध्यावर सूर तुटायचा आणि एकदम शेंड्यावर उडी घ्यायचा. उडीवर मी ड्रमवर एक फटका द्यायचा, की नवरदेवाचा घोडा निघायचा. वरवंडपासून मांडवगणपर्यंत लोकांना ती उडी पाठ होती.

गेल्या वर्षी शुगरने मास्तरांचे पुढचे दात हलायला लागले. गुरुवारी काढायचे ठरले. "बुधवारी ये. मोबाइलवर तो तुकडा भरून घे. मंग क्लारनेट पेटीत," त्यांनी सांगितलं.

मी उत्साहाने कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर तोच तुकडा शोधला. तीन वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांनी वाजवलेला ऐकला. एकातही उडी नव्हती. सूर न तुटता सरळ वर जात होता. संध्याकाळी मास्तरांच्या घरी, ते बाहेर गेलेले असताना, त्यांची रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली. सुरुवातीलाच ओरखडा होता. सुई त्यावरून उडत होती आणि आम्ही जन्मभर सुईची उडी वाजवत होतो.

सांगावं तर शेवटच्या दिवशी म्हातारा मोडून पडणार. न सांगावं तर चूकच कायमची राहणार. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बुधवारी दुपारी मास्तर क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी, रीड, ओली करत असतानाच मी सांगून टाकलं आणि मोबाइल लावला.

आतल्या खोलीत चाचींचं, मास्तरांच्या बायकोचं, भांडी लावणं थांबलं.

"समद्यांचं असंच हाय?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिन्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकली. मग क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पहिल्या खेपेला सूर नेमका त्याच जागी तुटला. बोटांना दुसरं माहीतच नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही तेच. ओठ लाल झाला. चाची दारात येऊन म्हणाल्या, "बास करा वो आता, रगत आलं." मास्तरांनी नुसता हात वर केला. दात आत्ताच हातात येणार, आणि ते माझ्यामुळे, असं वाटत होतं, तरी मी मोबाइलवर भरणं चालू ठेवलं.

तिसऱ्यांदा सूर खालून निघाला. त्या जागेपाशी आला, थरथरला, आणि न तुटता वर गेला. पार वर.

"कुनी मारली रं थाप?" मास्तरांनी ओठ पुसत विचारलं. सवयीने माझा हात त्या जागी मांडीवर पडला होता आणि ते मोबाइलमध्ये भरलं गेलं होतं.

"चुकलं, मास्तर. परत घेऊ?"

"नगं. आता न्हाई जमायचं. ऱ्हाऊ दे तुझी थाप."

गुरुवारी दात गेले. थंडीत मास्तर गेले.

आता मी बसमध्ये जगभरच्या ऑर्केस्ट्रांचा तो तुकडा ऐकतो. सगळे अगदी बरोबर वाजवतात. त्या जागी माझा हात उठतो, उडी येत नाही, आणि मास्तर पुन्हा एकदा जातात.