सरकीचं तेल आणि इस्तरीचा शर्ट

सांगतो, पण आधी कप खाली ठेवा, अंगावर सांडेल. माणूस किती गाढव असू शकतो याचा तुम्हाला अंदाज नाही. मला आहे, कारण तो गाढव मीच.

नुकताच एमएस्सी झालो होतो. सरकीच्या तेलाचा काळपट रंग कसा घालवायचा, यावर संशोधन करायचं होतं. फेलोशिप मिळत होती, पण एखाद्या कंपनीने पाठीशी उभं राहायला हवं. अर्धे पैसे सरकारचे, अर्धे कंपनीचे, आणि तीन वर्षं काम त्यांच्याच कारखान्यात. धुळ्यातल्या, नरडाण्यातल्या तेल मिल पालथ्या घातल्या. सगळीकडे एकच, "तेल खपतंय की. रंग कशाला घालवायचा?" सोमवारी अर्ज द्यायचा आणि सहीची जागा कोरी. नाही मिळाली तर गुपचूप पतपेढीत चिकटायचं, हे घरात ठरलेलं.

शेवटी आमच्या नानांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, शिरपूरचे आबा शोधले. तेल मिलचे मालक. त्यांचा निरोप आला, रविवारी घरी या.

घरी? मिलमध्ये का नाही? किडा तिथेच डोक्यात शिरला. त्यात एसटीत नाना म्हणतात, "शर्टले इस्तरी करी ना? मानूस चांगला शे, पन बठ्ठं ईचारी लेस." सगळं विचारून घेतो म्हणे!

गेलो. पोहे आले.

"मामा कुठले?" आबांनी विचारलं.

"साक्रीचे."

"तंबाखू वगैरे?"

"नाही."

"झोप कशी आहे? खुट्ट झालं की जाग येते?"

आता झोपेचा आणि सरकीचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

तेवढ्यात त्यांची धाकटी मुलगी मंगल चहा घेऊन आली. चहा ठेवून आत जाईल ना? नाही. समोर बसली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "एकदा धरलं की मधेच सोडणार नाही ना?"

झालं. कानशिलं तापली. हा तर बघण्याचा कार्यक्रम, आणि नाना सामील! मी नकार दिला तर आबा दुखावणार, सही गेली. मग सुचलं, त्यांनाच नकार द्यायला लावू. वर ओशाळून सही तरी करतील. काय डोकं!

"आबा, खरं सांगतो," मी सुरू झालो. "मी आठशिवाय उठत नाही. घोरतो. हातातलं काम अर्धवट टाकायची सवय आहे. आणि शिरपुरात तर माझं महिनाभरसुद्धा मन लागणार नाही."

नानांची बशी ओठाशीच थांबली.

आबा हळूच म्हणाले, "मग भाऊ, मी सही कशाला करू? मिलवरची खोली देणार होतो तुला. खाली रात्रभर यंत्रं चालतात, म्हणून झोपेचं विचारलं."

"आणि तेल तपासायचं काम मी बघते," मंगल म्हणाली. "वैशाखात लग्न होऊन सुरतला चालले. माझं टेबल कुणाच्या हाती जाणार, ते विचारत होते."

"तुले काय वाटनं रे?" नाना.

काय वाटलं ते सांगावंच लागलं. मान खाली घालून.

पहिलं हसू आलं स्वयंपाकघरातून, आबांच्या बायकोचं, अक्कांचं. मग आबा. उपरण्याने डोळे पुसत राहिले बराच वेळ. मी मात्र मनातल्या मनात पतपेढीच्या काउंटरमागे जाऊन बसलोसुद्धा.

"सही करा आबा," मंगल म्हणाली. "एवढंसं खोटं बोलताना कान लाल झाले यांचे. हे काही तपासणीत खोटे आकडे लिहायचे नाहीत."

आबांनी सही केली. नंतर मंगलने मिलमध्ये नेऊन तिचं टेबल दाखवलं. कुठली बाटली गळते, कुठला तराजू रुसतो, सगळं. सासरी निघालेली मुलगी लहान भावाला शेजारणीवर सोपवते ना, अगदी तसं.

परतीच्या एसटीत सही खिशात होती. उडायला हवं होतं मी. पण खिडकीबाहेरच बघत राहिलो. नानांनी दोनदा विचारलं, काय झालं?

काय सांगणार? मुलगी खरंच छान होती हो. आणि न आलेलं स्थळ मोडून बसलेला अख्ख्या खानदेशात मी एकटाच.