वीणा खाली ठेवायची नसते

करण मंडपात घुसला तेव्हा त्याच्या कानामागून रक्त येत होतं आणि त्याच्या पाठोपाठ कोयता घेऊन माझा नातू यश येत होता. बाहेर मोटारसायकल चालूच होती. तिच्यावर आकाश नावाचा पोरगा बसला होता आणि तो ओरडत होता, "सोडू नको यश, आज सोडू नको त्याला!" मारुतीच्या देवळापुढचा आमचा मंडप तिन्ही बाजूंनी कनातीनं बंद होता. आत फक्त मी होते, गळ्यात सप्ताहाची वीणा घेऊन उभी. करणला आडोसा घ्यायला माझ्याशिवाय काही नव्हतं. तो माझ्या मागे जाऊन लपला. मी वळले, गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली आणि खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला.

मी केलं ते एवढंच. पुढं लोकांनी त्याची कथा केली. कुणी म्हणतं म्हातारीच्या अंगात आलं, कुणी म्हणतं वीणा आपोआप वाजली. तसलं काही झालं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे.

ज्यांनी सप्ताह बघितला नाही त्यांना आधी सांगायला हवं. सात दिवस देवाचं नाव थांबवायचं नाही आणि तोवर वीणा खाली टेकवायची नाही, असा नेम असतो. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा घेतो. मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, कारण आता वीणा त्याच्याकडे असते. ती ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं. तो माणूस कोण, काय करतो, हे तेवढ्या वेळात बघायचं नसतं.

आमची वस्ती पुंडलिकनगरच्या पुढं आहे. गडीमाणसं कंपनीत असतात, म्हणून दुपारचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, बायका करतात. त्या दिवशीचा पहारा खरं तर माझ्या सुनेचा होता. यश सरळ व्हावा म्हणून तिनं तो देवाला बोलला होता. मी म्हटलं होतं, देवाला दुसरी कामं नाहीत का? पण ती दवाखान्यात आया आहे, तिला सुट्टी मिळाली नाही आणि बोललेला पहारा चुकवायचा नाही, म्हणून मी जाऊन उभी राहिले. श्रद्धेनं राहिले असं मी म्हणणार नाही. तोंडानं रामकृष्ण हरी चाललं होतं, मनात करणला पोलिसांनी उचलून न्यावं आणि त्याची तंगडी मोडावी, हे चाललं होतं.

त्याला कारण होतं. थोड्याच दिवसांपूर्वी करणनं आणि त्याच्या टोळक्यानं यशला क्लासच्या मागं गाठलं होतं. त्याला गुडघ्यावर बसवलं, पाया पडायला लावलं, "भाऊ, चुकलो" असं म्हणायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ करून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला. गल्लीतल्या लहान पोरांनी तो बघितला. यश जेवेना, क्लासला जाईना. मग आकाशच्या गाडीवर फिरायला लागला. आमच्या भागात स्वतःला भाऊ म्हणवणारे दोन गुंड आहेत. चौकात त्यांचे बॅनर लागतात, वाढदिवसाला तलवारीनं केक कापतात, पोरांना पेट्रोल देतात, नशेच्या गोळ्या देतात. बटन म्हणतात त्या गोळ्यांना. करण एका भाऊच्या हाताखाली, आकाश दुसऱ्याच्या. दोन्ही भाऊंच्या अंगाला कधी ओरखडा आलेला मी बघितला नाही. टाके पडतात ते पोरांच्या डोक्याला.

तर त्या दुपारी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, आलं की माणूस मेला तरी नळ सोडत नाहीत. मंडप रिकामा झाला. माझ्याकडून वीणा घ्यायला शेजारची शांताबाई येणार होती, ती आली नाही. पाय सुजले, मान अवघडली. शेवटी मी मारुतीकडे तोंड करून म्हटलं, "कुणाला तरी पाठव रे बाबा. कुणीबी चालंल." मोठ्यानं म्हटलं, कारण ऐकायला कुणी नव्हतं. आणि करण आला.

याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. मला त्या वेळी काही सुचलं नव्हतं. कुणीतरी आलं, वीणा दिली, दिल्यावर वाकायचं असतं म्हणून वाकले. हात आपले सवयीनं चालले.

वाकले आणि माझी कंबर धरली.

"आज्जे, सरक!" यश मागून ओरडला.

"सरकता येत न्हाय," मी खालूनच म्हटलं. "कंबर धरली. आधी मला उठव."

हे मी त्याला अडवायला म्हटलं नव्हतं, ते खरंच होतं. मला वर बघता येत नव्हतं. मला फक्त करणच्या पायातला एक बूट दिसत होता, दुसरा कुठं तरी पडला होता. करण माझ्यापुढं, यश माझ्या मागं आणि मध्ये मी वाकलेली. यशनं बाजूनं जायचं बघितलं असेल, ठाऊक नाही. मग फरशीवर लोखंड ठेवल्याचा आवाज आला आणि त्याचे दोन्ही हात माझ्या काखेत आले. लहानपणी मी त्याला असंच उचलत असे. मी सरळ झाले तेव्हा दारात शांताबाई ओल्या साडीनं उभी होती, तिच्यामागं निम्मी गल्ली. बाहेरची मोटारसायकल निघून गेली होती.

कुणीतरी फोन केला होता, म्हणून थोड्या वेळानं पोलिस ठाण्याचे जमादार आले. ते करणला जुन्या तक्रारींवरून ओळखत होते. धरायला म्हणून पुढं आले, वीणा बघून थांबले, बूट काढून बाहेर ठेवून आले आणि त्याच्या पाया पडले. बाबुरावमामांना म्हणाले, "एवढ्या नोकरीत आरोपीच्या पाया पडायची येळ पहिल्यांदा आली." बाबुरावमामा म्हणजे आमच्या सप्ताहाचे पुढारी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जमादारांनी कोयता पिशवीत घातला, यशला पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "वीणा उतरली की दोघांना घेऊन जातो. तवर चहा पाजा."

म्हणजे कुणीही वीणा घेतली असती तर काम संपलं असतं. पण कुणी पुढं येईना. काही जणांना त्या पोराच्या पाया पडायचं नव्हतं. काही जणींना वाटत होतं, घेतली की पोर गाडीत बसलं. करण उभाच. शांताबाईनं उभ्या-उभ्याच त्याचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "म्हण की रे, मुका हाय का? रामकृष्ण हरी." त्याचे नुसते ओठ हलले. बऱ्याच वेळानं आवाज आला, तोही फुटका.

आणि मंडपात बसलेली माणसं बोलायला लागली. ज्याला मी कृपा म्हणेन ती ही. पोलिसांची गाडी दारात असताना आमच्या गल्लीला बसून बोलायला वेळ कधी मिळाला नव्हता. त्या दिवशी वीणेनं तो दिला. एक जण म्हणाला, "देऊन टाका. सुटला तर उद्या आपल्यालाच कापंल." शांताबाई म्हणाली, "कोपऱ्यावरचा गेला व्हता की आत. सुधारला का? जाताना एकटा गेला, येताना चार दोस्त घेऊन आला." कुणी म्हणालं, दोघांनाही गल्लीत झोडपू आणि सोडून देऊ. जमादारांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "मारून बघितलंय आम्ही. लई जणांना बघितलंय."

तेवढ्यात करणची आई आली. ती उस्मानपुऱ्यात एका मंगल कार्यालयात भांडी घासते. हात ओलेच होते. ती चपलांपाशीच उभी राहिली, कुणी तिला आत ये म्हटलं नाही. ती म्हणाली, "मी घेऊ का वीणा? पाय कापतेत त्याचे." मी म्हटलं, "तू घेतली की तो गेला." मग ती तिथंच खाली बसली.

शेवटी बाबुरावमामा उठले. म्हणाले, "हे असंच चाललं तर पोरगं पडंल आणि वीणाबी पडंल. माझं सरळ आहे. यशनं करणकडून वीणा घ्यावी. रीतीनं. दोघं एकमेकांच्या पाया पडले तर मी दोघांसाठी ठाण्यात उभा राहतो, पुढं जिथं न्यायचं तिथंबी येतो. न्हायतर मी घरी जातो आन् जमादार त्यांचं काम करतील."

मी पायरीवर जाऊन यशजवळ बसले. बसायला वेळ लागला.

"जा, घे," मी म्हटलं.

"मी त्याच्या पाया पडू? परत?"

"वीणेच्या पडायचं."

"पाय तर त्याचेच हायेत ना, आज्जे."

"व्हय. त्याचेच हायेत. मग तो तुझ्या पडंल."

"तो न्हाय पडणार. उलटा हसंल."

"हसला तर हसू दे. गळ्यात वीणा तुझ्या असंल, तोंड त्याचं काळं व्हईल. तुझ्या आईनं तुझ्यासाठी हा पहारा बोललाय, माझ्यासाठी न्हाय. मी नुसती बदली हाय."

तो उठला तेव्हा एका पोरानं मोबाईल वर केला. शांताबाईनं तो हातातून काढून आपल्या कमरेला खोचला. यश आत गेला. करणनं त्याला येताना बघितलं आणि मागं सरकला, पाठ कनातीला लागली. त्याला वाटलं, मारायलाच आला. यश वाकला. हात लावला की नाही ते मला दिसलं नाही, पण वाकला पूर्ण. वीणा घेतली, गळ्यात घातली आणि मान ताठ करून उभा राहिला. करणचे हात वीणा गेल्यावरही तसेच धरलेले राहिले. सगळी गल्ली बघत होती. मग करण वाकला नाही, गुडघ्यावर बसला, जसं यशला त्यानं बसवलं होतं तसा, आणि त्यानं कपाळ यशच्या पायावर टेकवलं. उठेना. शांताबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या आईच्या पुढ्यात नेऊन बसवलं. मग यशकडून वीणा तिनं घेतली आणि सप्ताह पुढं चालला.

जमादारांनी दोघांना नेलंच, त्यांना नेणं भाग होतं. पण त्यांच्याबरोबर गल्लीही गेली. दोघं अठराच्या आतले, म्हणून प्रकरण मुलांच्या न्याय मंडळापुढं गेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, जबाबदारी कोण घेतं? बाबुरावमामा उठले, शांताबाई उठली, मलाही उठावं लागलं. बाईंनी दोघांना आमच्या देखरेखीखाली सोडलं आणि अटी घातल्या. परत येताना मामा म्हणाले, "वीणा सांभाळतो तशी पोरं सांभाळू. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. मधी खाली ठेवायची न्हाय."

"वीणा बटन खात न्हाय, मामा," मी म्हटलं.

पण मामा म्हणाले तसंच केलं. सोपं काही नव्हतं. दिवसा शांताबाईच्या नवऱ्याच्या गॅरेजवर करण बसायचा, संध्याकाळी त्याची आई कामावर असायची म्हणून माझ्याकडे जेवायचा. मी त्याला वाढायचे, बोलायचे नाही. माझ्या नातवाचा व्हिडिओ मी विसरले नव्हते. मध्येच एकदा तो पळाला, त्या भाऊकडे गेला, गोळ्या खाऊन रेल्वे रुळाजवळ पडला. सगळे म्हणाले, झालं, संपलं. मामा आणि यश जाऊन त्याला रिक्षात घालून घेऊन आले. आम्ही त्याला आंघोळ घातली आणि जेवायला वाढलं. त्या दिवशी मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, "मीठ कमी हाय, लागलं तर घे." भाऊची पोरंही दोनदा गल्लीत आली. दोन्ही वेळा बायका ओट्यावर येऊन बसल्या, तेवढ्यानं ती गेली. आता करण गाड्यांचं काम करतो, बाहेरून दहावीला बसला आहे. यश आयटीआयला जातो. मैत्री नाही त्यांची. समोर आले तर मान हलवतात. मला तेवढं पुरे आहे.

देवाला शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मला वाटायचं आणि ते मला कधी जमलं नाही. माझ्या वाट्याला आलं ते असं की जिथं वाकले तिथून सरकता आलं नाही. तेवढीच माझी शरणागती. मी कुणीबी पाठव म्हटलं होतं आणि त्यानं ज्याला पाठवलं त्याला मी परत पाठवू शकले नाही. आता रोज देवळात जाते. मागत काही नाही. मागताना सांभाळून बोलावं लागतं, हे कळलं आहे. हात जोडते, तू ऐकलंस म्हणते आणि घरी येते.

आकाशचं सांगायचं राहिलं. तो मोटारसायकलवर बसलेला. तो आमच्या गल्लीतला नव्हता, कुठल्याच गल्लीतला नव्हता, स्वतःच्या मामाच्या खोलीवर राहायचा. त्या दिवशी तो मंडपाच्या बाहेर राहिला आणि गाडी घेऊन निघून गेला. नंतर त्याची चौकशी पोलिसांनी केली, आम्ही कुणी केली नाही. पुढच्या सप्ताहाच्या आधी दोन भाऊंच्या पोरांची मारामारी झाली, त्यात त्याच्या पोटात चाकू गेला. गंगापूरकडून त्याची आई आली आणि त्याला घेऊन गेली.

करण जगला. यश जगला. आकाश जगला नाही.