दादाचं नाक

आमच्या दादाला नाकाची भारी मिजास. ठाण्याच्या बाजारात तेलाच्या दुकानात कामाला होता, तेव्हा कुणी बाटलीचं बूच काढायचा अवकाश, हा सांगून मोकळा, "शेंगदाण्यात करडई मिसळलीय." बरोबर निघालं की आठवडाभर मान ताठ. आई म्हणायची, "देवाने रूप द्यायचं राहिलं म्हणून नाक दिलं!"

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली आणि मुंबईत तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर तेल गाळायचे कारखाने उभे राहिले. तोवर आमच्या कंदिलातलं घासलेटसुद्धा परदेशातून यायचं. दादा तिथे टाक्यांवर लागला. पहिल्याच संध्याकाळी त्याने वहिनीला नि मला समोर बसवून व्याख्यान झोडलं. "आता बोटीतून नुसता काळा चिखल येणार. त्यातून घासलेट, पेट्रोल, रस्त्याचं डांबर, सगळं आपण काढणार. कळलं?" वहिनी म्हणाली, "आधी जेवून घ्या, देश कुठे पळून जात नाही."

टाकीचं झाकण उघडताना विषारी वायू आहे का ते बघायला तिथे एक कागद देत. वायू असला की कागद काळा पडायचा. दादाला तो स्वतःचा अपमान वाटे. "कागदाला काय कळतं? सडक्या अंड्यासारखा वास असतो त्याचा, मला लांबूनच येतो." कागद खिशात ठेवून हा टाकीच्या तोंडावर वाकून खुशाल हुंगायचा. त्याच्याबरोबर कामाला असलेला बाळकुमचा काशिनाथ एकदा मुद्दाम घरी आला. मला म्हणाला, "ताई, दादांना जरा समजवा गो. त्यो वायू पहिला नाकच मारतो." मी समजावलं. डोंबल! ऐकतोय कोण?

कारखाना वाढत होता, नव्या टाक्या चढत होत्या, दादा जोरात होता. मग एकदा चुलीवरचं दूध करपून कोळसा झालं आणि हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. वहिनी धावत आली. "अहो, वास नाही का आला?" "सर्दी झालीय," म्हणाला. ती सर्दी काही गेली नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, नाक गेलं ते गेलंच. कारखान्यात त्याला टाक्यांवरून काढून गोदामात बसवलं. जेवताना तो मिरच्यांवर मिरच्या खायचा, तेवढंच काहीतरी कळायचं. "आमटी कशी झालीय?" हे विचारणं वहिनीने बंद केलं. मला तिच्याकडे बघवत नसे.

आणि नवससायास करून सगळे थकल्यावर वहिनीला मुलगी झाली. मी आत्या, नाव ठेवायचा मान माझा. बारशाच्या दिवशी बायका बाळ हातोहात फिरवत होत्या, जी ती टाळू हुंगून "अगं बाई, काय गोड वास!" म्हणत होती. दादाने लेकीला घेतलं, जावळात नाक खुपसलं आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. "वा," म्हणाला. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

बायका पांगल्यावर त्याने मला हळूच हाक मारली. "सुमे, कसा गं येतो हिचा वास?"

माझा जीव तुटला. म्हटलं, "दुधाचा येतो, दादा. वेखंडाचा. थोडा धुरीचा."

"ते सगळ्याच बाळांना येतात गं. हिचा सांग."

मी वाकून पुन्हा हुंगलं. खरंच, होता हो तिचा असा वेगळा वास. पण तो काही केल्या मला सांगता येईना, आणि दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.