अहिरभैरवाचा मारेकरी

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. गुन्हेगार कोण ते कळलं की तुम्ही थांबणार नाही! उभी हयात मी वर्तमानपत्रात क्राइम रिपोर्टर होतो. पण निवृत्तीनंतर स्वतःच्याच घरात मी जो तपास केला ना... काय बोलू! खारघरच्या आमच्या सोसायटीत अजून लोक लिफ्टमध्ये मला पाहिलं की हवेत हात हलवतात.

झालं असं. सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, लग्नाआधी सतार वाजवायची. मग संसार, नोकरी आणि शेवटी बोटांचा संधिवात. तार दाबली की डोळ्यांत पाणी. पण हौस जाईना.

"हार्मोनियम घे की," मी म्हटलं.

"त्यात मींड कुठेय? पायऱ्या उतरल्यासारखे सूर. मला घसरगुंडी हवीय."

"मग बासरी?"

"अहो, तिलाही बोटं लागतात!"

शेवटी मुलीने थेरेमिन शोधून दिलं. एक खोकं, त्याला एक उभी दांडी आणि एक आडवी कडी. हात लावायचाच नाही! दांडीजवळ हवेत हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. दुसरा हात कडीवर धरून आवाज कमीजास्त करायचा. सुलभाला हवेत मींड सापडली! सोसायटीने दिवाळी पहाटेला तिचा अहिरभैरव ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच स्टेज. बाई मोहरून गेली. मीही ठरवलं, आता रोज रियाजाला शेजारी बसायचं. नोकरीत असताना हिचं एकदाही धड ऐकलं नव्हतं हो.

पण मी चहाचा कप घेऊन शेजारी टेकलो रे टेकलो, की अहिरभैरव गळा काढायचा. कोमल रिषभ वर सरके, षड्ज कुठल्या कुठे!

"फसवलं!" मी गरजलो. "डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला!"

"राहू द्या हो. मी घेते लावून."

"राहू द्या? मी सोडतो की काय त्याला!"

"बरं. जाणारच असाल तर सावकाश या."

ते जिथून घेतलं त्या सानपाड्याच्या दुकानात जाऊन मी टेबलावर मूठ आपटली. दुकानदाराने शांतपणे सुलभाला फोन लावला आणि वाजवायला सांगितलं. फोनमधून अगदी सोन्यासारखा सूर आला!

"साहेब, उत्तम तर वाजतंय."

"माझ्यासमोर वाजत नाही!"

"मग तुमच्या घरची लाइट बघा."

लाइट! संशयित मिळाला. आमच्या वरच्या मजल्यावर म्हात्रेकाका राहतात. त्यांच्याच शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे. त्यांचा फ्रीज रात्रंदिवस घरघरतो. गेलो तावातावाने.

"काका, तुमच्या फ्रीजमुळे माझ्या बायकोचा सूर बिघडतोय. बंद करा!"

"आरं पत्रकार, तुज्या घरान काय वाजतं, त्याला माजा फ्रीज काय करनार? आत पापलेट हाय!"

"कलेचा प्रश्न आहे, काका!"

बिचाऱ्यांनी खरंच बंद केला. सूर काही सुधारला नाही. पापलेटचा वास मात्र जिन्याने पार गेटपर्यंत उतरला. मग मी वीज कार्यालयात भांडलो, केबलवाल्याशी भांडलो. दर वेळी सुलभा दारापर्यंत येऊन म्हणायची, "सावकाश या हं!" केवढी काळजी, नाही का?

दिवाळीची पहाट उजाडली. "तुम्ही मागे बसा, तिथून छान ऐकू येतं," असं तिने बजावलं होतं. आलाप सुरू झाला आणि सगळा हॉल चिडीचूप. बायका डोळे पुसायला लागल्या. माझी छाती अशी फुगली म्हणता! व्हिडिओ काढायला मोबाइल घेतला आणि पुढे सरकत सरकत थेट स्टेजवर चढलो.

कुईंऽऽऽ!

घातपात! मी तिच्या शेजारी उभा राहून लोकांकडे वळलो. "ऐका! या हॉलच्या लाइटमध्ये घोळ आहे!"

हात उगारला, थेरेमिन किंचाळलं. हात खाली आणला, त्याने हुंदका दिला. मी जितका चिडून बोलू, तितकं ते माझ्याबरोबर बोंबलू लागलं. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी!

मागून म्हात्रेकाका ओरडले, "आरं पत्रकार, लाइटचा नाद सोर! तूच वाजतंस!"

सुलभाने कडीच्या अगदी जवळ हात नेऊन आवाज बंद केला. "अहो, जरा मागे व्हा."

झालो. तिने पुन्हा वाजवलं, सूर जागेवर.

"आता पुढे या."

कुईंऽ!

या वाद्याला हात काय आणि शेजारी बसलेला नवरा काय, सगळं सारखंच!

"आधी का नाही सांगितलंस?" मी कुजबुजलो.

"एवढ्या संसारात पहिल्यांदा रोज शेजारी बसायला लागलात. उठा म्हणून कसं सांगू?" मग हळूच म्हणाली, "शिवाय तुम्ही भांडायला गेलात की माझा रियाज व्हायचाच!"

मी मुकाट जाऊन चपलांच्या रॅकपाशी उभा राहिलो. आणि मग जो अहिरभैरव रंगला! म्हात्रेकाकांनी पापलेटसकट मला माफ केलं.

हल्ली रियाज संपला की सुलभा मला मुद्दाम जवळ बोलावते. "हं, सांगा, आज कोणाशी भांडलात?" मी सांगू लागतो, हात चालू लागतात, थेरेमिन ठणाणा करतं. काल तर तिने चक्क टाळ्या वाजवल्या.

"माझं सोडा," म्हणाली, "तुमच्याच जोगं वाद्य मिळालं बघा. सूर लागत नाही, ताल लागत नाही. नुसता त्रागा पुरतो!"