ठकीची आंघोळ

तेरखेड्यात धुरपदाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला माणूस बिचकतो, इतकं ते स्वच्छ. शेजारी असून मीही चपला रस्त्यावरच काढतो. त्यांच्या ठकी नावाच्या काळ्याभोर शेळीलासुद्धा रोज साबणानं आंघोळ आणि तिच्या गोठ्यात फिनाईल. आमच्या घरात एवढे लाड माणसांचेही होत नाहीत.

ठकी त्यांच्या नवऱ्याची लाडकी. शेवटच्या आजारपणात ते तिच्याच दुधावर होते. ते होते तोवर तिचं सगळं तेच बघत. ते गेल्यावर ती बाईंच्या हाती आली आणि गाभण राहीना. मुलगा दिग्विजय वैतागला.

"आई, भाकड जनावर किती दिवस सांभाळायचं? या महिन्यात राहिली न्हाय तर व्यापाऱ्याला देऊन टाकू."

व्यापाऱ्याकडून ती कुठं जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बोकडाकडे नेताना त्या दरवेळी ठकीला चोळून न्हाऊ घालत, वर कुंकू लावत. गावातल्या उत्तरेश्वरचा बोकड तिला हुंगे आणि तोंड फिरवी. शेवटी जनावरांच्या डॉक्टर महेश्वरी आल्या. गोठ्यात शिरताच त्यांना शिंक आली.

"आजी, तुम्ही शेळीचा वासच धुऊन टाकता," त्या हसून म्हणाल्या. "बोकड शेळीचं मूत हुंगून वरचा ओठ दुमडतो ना? त्याच्या टाळूच्या वर, नाकाच्या तळाशी एक बारीक इंद्रिय असतं. ओठ दुमडला की वास तिथं पोचतो. शेळी माजावर आली का, हे त्याला तिथं कळतं. शेळीलाही बोकडाचा वास लागतो, नाहीतर कधीकधी ती माजावरच येत नाही. साबण बंद करा, बोकड जवळ बांधा."

बाईंनी मन घट्ट केलं. बोकड अंगणात आला आणि आख्खी गल्ली नाक धरून बसली. मी तर मनातून चिडलोच होतो. बाई मात्र पदर नाकाला न लावता दोघांना पाला घालत राहिल्या.

एका सकाळी ठकी शेपटी हलवत सारखी ओरडू लागली. ती मुतली, तसं बोकडानं तोंड खाली घातलं, मान उंचावली आणि वरचा ओठ दुमडून तसाच उभा राहिला. बाई भिंतीला टेकून रडू लागल्या.

"मालकास्नी लई बरं वाटलं असतं," एवढंच त्या बोलल्या.

दिग्विजय दारातून आईकडे बघत होता. त्यानं खिशातून मोबाईल काढून व्यापाऱ्याला फोन लावला.

"शेळी द्यायची न्हाय," तो म्हणाला. "गाभण राहू द्या न्हायतर न राहू द्या. ती आईची हाय."