आक्काताईचा एकटा हात

शैला, जरा कान इकडं कर बघू. आई जाऊन तीन आठवडे नाही झाले, दिवसकार्य उरकून दुसऱ्या दिवशी पुण्याची एस.टी. धरलीस. वर फोनवर म्हणतेस, ‘मावशी, गावात आता माझं काय राहिलंय?’ शोभतं का हे? म्हणून पेपरातच लिहिते, सगळ्यांच्या देखत.

आपल्या दूध संस्थेची वार्षिक सभा तू कधी पाहिली नाहीस. सेक्रेटरीनं विषय वाचायचा, मागच्यांनी ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचं, चहा यायच्या आत सभा खलास. चेअरमनकी एकाच घरात: आधी बाप, मग थोरला मुलगा, मग धाकटा. अशाच एका सभेत तुझी आई, आमची आक्काताई, उभी राहिली. ‘एका घरात दोन खेपांच्या वर चेअरमनकी न्हाय, असा नियम करा. हात वर करून मतं घ्या.’

चेअरमन हसला. ‘आक्काताई, म्हशी धारंला आल्यात की! बसा आता.’

सभा हसली. मीही हसले... वर तिचा पदर ओढला, ‘बस की गं, आपलं दूध घ्यायचं बंद करतील.’ तशी माझ्याकडं बघून म्हणाली, ‘दूध न्हाय नासलं तुझं. तू नासलीयास.’

पुढं कायद्यानं संचालक मंडळात बायकांच्या दोन जागा आल्या. मला वाटलं, बदललं! बसल्या कोण? चेअरमनची बायको आणि भावजय. सह्यांचं बुक त्यांच्या चुलीपाशी जायचं. आक्काताई म्हणाली, ‘खुर्च्या वाढल्या गं, घर त्येच हाय.’ तरी दरसाल ती एकटी विरोधात हात वर करायची, आणि बुकात लिहिलं जायचं, ‘एकमताने मंजूर.’

परवा सभेच्या त्याच हॉलमध्ये तिची शोकसभा झाली. ‘संस्थेचा आधार गेला,’ म्हणत चेअरमननं डोळे पुसले. श्रद्धांजलीचा ठराव वाचला, आणि मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, ‘मंजूर!’ शिसारी आली मला. त्यांची आलीच, पण इतकी वर्षं मान डोलावत आलेल्या माझी स्वतःचीही.

काल सेक्रेटरी दारात. ‘शैलाताईंचा आईच्या सभासदत्वावरचा वारसहक्क सोडल्याचा कागद मागवून घ्या की. पुण्यात बसून त्या काय करणार?’ सही करू नकोस बाई. ही घराणी ठरवून हलवता येतात का, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं एकच हात वर होता. दुसरा माझा असायला हवा होता, एवढं ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात सभा आहे. त्याआधी ये, सभासदत्व तुझ्या नावावर करून घे, माझ्याकडंच उतर. यंदा उभं राहायचं ठरवलंय मी, पण एकटीला भ्या वाटतंय गं... लवकर ये.