तंतुकणिका म्हणजे धागा नव्हे

सहा आठवड्यांपूर्वी सकाळी हनीफच्या बहिणीचा, आपाचा फोन आला. “हनीफ गेला,” ती म्हणाली. थांबून तिनं विचारलं, “रमेश, तूच बोललेला ना, माझ्या भावाचे सगळे अवयव ठीक हायत म्हणून?” बोललो होतो. ते खरंही होतं... तेव्हापुरतं.

हनीफ माझा शाळासोबती. भिवंडीत यंत्रमागांचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. गेल्या वर्षी त्याला पाना आवळता येईना. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, सगळे अहवाल चांगले आले. मग स्नायूचा तुकडा तपासून डॉक्टर म्हणाले, दोष अवयवांत नाही, पेशींच्या आतल्या अंगकांत आहे, तंतुकणिकांत. बाहेर चहा घेताना भावाबहिणीला समजावणं माझ्याकडे आलं. अवयव म्हणजे असंख्य पेशींनी मिळून झालेला, हृदयासारखा. अंगक म्हणजे एकेका पेशीच्या आत काम करणारा बारीक भाग. तंतुकणिका हे अंगक पेशीला ताकद पुरवतं. “तंतू ना?” हनीफ हसला. “मग टेन्शन कशाला? लूम ओके हाय, धागा तुटलाय. गाठ मारू!” उपसंपादक म्हणून दुसऱ्यांच्या बातम्यांतले चुकीचे शब्द मी वर्षानुवर्षं खोडले; हा राहू दिला. आपा तर परत आत जाऊन डॉक्टरांना म्हणाली, “माझी एक किडनी घ्या.” ते म्हणाले, अवयव बदलता येतो, प्रत्येक पेशीतलं अंगक कसं बदलणार?

हनीफ ड्युटीवर जात राहिला. आपाचे गुडघे दुखतात, तिला वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर न्यायचं तो पुढे ढकलत राहिला. “अवयव ठीक हायत, घाई काय?” शेवटी हृदयच थकलं. म्हणजे अंगकाचा दोष अवयवाचा कधी झाला, मला सांगता येत नाही. औषध फारसं नव्हतंच. पण मी नीट सांगितलं असतं तर दोघं कुंडांवर जाऊन आले असते.

मागच्या आठवड्यात आपाला हे सांगितलं. “त्याला समजलंच नव्हतं. चूक माझी.”

“समजलं नव्हतं? मग हा कशाला आणला?” तिनं दाराजवळचा प्लास्टिकचा स्टूल दाखवला. “दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी घेऊन आला. बोलला, आता जोडे बसून घालायचे. अरे, चहा पिताना तुझं तोंड बघायला हवं होतंस! तो गाठीचं बोलला, ते तुला हसवायला.”

“मग तुला कुंडांवर का नाही नेलं?”

आपा माझा कप उचलून आत गेली.

निघताना मी त्या स्टुलावर बसून बूट घातले. शेजारच्या भिंतीवर, उठताना हात टेकायच्या उंचीला, ग्रीसचे ठसे एकावर एक पडलेत. आपा घर रोज पुसते. तेवढा तुकडा सोडून.